विंडोज नव्याने टाकायच्या आधी: वर्ड आणि लिबरऑफिसमध्ये जमवलेले मराठी शब्द कसे काढून ठेवायचे?

शुद्धिपत्र

नमस्कार मंडळी. मी मिरजेत राहते आणि घरूनच मुद्रितशोधन करते. कामाचा मोठा भाग द्राक्षशेतीचा आहे: तासगाव-पलूस भागात वाचल्या जाणाऱ्या एका मासिकाचे लेख, फवारणीच्या माहितीपुस्तिका, मधूनच कृषी शाखेचे प्रबंध. माझ्या डेस्कटॉपची हार्ड डिस्क आता आवाज करायला लागली आहे. दुकानदार म्हणतात, एसएसडी (नव्या प्रकारची डिस्क) टाकू, विंडोज नव्याने टाकू, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डी ड्राइव्ह जसंच्या तसं काढून देतो, तुमचं काही जाणार नाही.

मला विचारायचंय ते हे की माझे शब्द या तिन्हीपैकी नेमके कशात असतात?

मराठीच्या स्पेलचेकला आमच्या बागेतली भाषा येत नाही. सबकेन, वांझफूट, डॉगरिज, सोनाका, माणिक चमन, जिबरेलिक, सायटोकायनिन, सगळ्यांखाली लाल रेघ. त्यातून मराठी ही अशी भाषा की एक शब्द घालून भागत नाही. ‘ओलांडा’ (वेलीचा आडवा वाढवलेला हात) घातला तरी ‘ओलांड्याला’ लाल, ‘ओलांड्यावर’ लाल, ‘ओलांड्यावरच्या’ लाल. म्हणून मी काम करता करता एकेक रूप घालत आले. आता यादी पाच हजारांच्या घरात असेल.

या यादीवर माझा जीव आहे आणि त्याचं कारण कौतुकाचं नाही, कामाचं आहे. नेहमीच्या शब्दांखालची लाल रेघ गेल्यामुळे आता जिथे रेघ दिसते तिथे खरोखर चूक असते. फवारणीच्या वेळापत्रकात ‘डायमेथोमॉर्फ’ या बुरशीनाशकाच्या नावाचं एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर शेतकरी तो कागद घेऊन कृषी सेवा केंद्रात जातो आणि दुकानदार त्याला जवळपासच्या नावाचं काहीतरी देतो. केवडा या बुरशीजन्य रोगाचा हल्ला असताना एक फवारणी वाया जाणं म्हणजे काय, हे इथे कुणालाही विचारा. यादी गेली तर पुन्हा प्रत्येक पानावर लाल रेघांचं जंगल होणार आणि त्यात खरी चूक लपून जाणार.

स्वतःचं काम मी लिबरऑफिसमध्ये करते. प्रबंधवाले वर्डची फाइल पाठवतात, त्यात ट्रॅक चेंजेस (केलेल्या दुरुस्त्यांच्या नोंदी) असतात, म्हणून वर्डही ठेवलंय. दोन्हींत शब्द वेगवेगळे साठले आहेत. शिवाय लिबरऑफिसमध्ये ऑटोकरेक्टही आहे: ‘मराद्राबा’ टाइप केलं की ‘महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ’ असं पूर्ण नाव उमटतं. हे सगळं कुठे असतं, कसं काढायचं, आणि दोन्हीकडे एकच यादी चालेल का? डिस्क अजून चालू आहे, दुकानात शनिवारी द्यायचीय.

उबुंटूवाला

विंडोजचं जाणकार सांगतील. लिनक्सवर लिबरऑफिसचं सगळं होम फोल्डरमधल्या लपलेल्या ‘डॉट कॉन्फिग’मध्ये असतं. फ्लॅटपॅकने टाकलं असेल तर ‘डॉट व्हार’मध्ये आणि स्नॅपने टाकलं असेल तर ‘स्नॅप’ फोल्डरमध्ये. मी तर अख्खं ‘यूजर’ फोल्डरच उचलून नव्या मशीनवर ठेवतो, पाच मिनिटांचं काम.

लिबरऑफिसमध्येच सोयही आहे. हेल्प मेनूतून सेफ मोडमध्ये रीस्टार्ट करा, तिथे यूजर प्रोफाइल (म्हणजे तेच ‘यूजर’ फोल्डर) आर्काइव्ह करायचं बटण आहे. झिप फाइल मिळते. ५.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७पासून आहे हे.

टाइपकेस

शुद्धिपत्र ताई, शनिवारपर्यंत थांबू नका, हे वाचून झाल्यावर लगेच करा. आवाज करणारी डिस्क कुणाची वाट बघत नाही. आणि दुकानदार सांगतायत त्या तिन्ही जागांमध्ये तुमचा एकही शब्द नाही.

मी पुण्यात एका प्रकाशनाच्या कचेरीत संगणकांचं बघतो. श्रीलिपी आणि पेजमेकरच्या काळापासून आहे, त्यामुळे युनिकोड ही सगळ्या लिप्यांची एकच संकेतपद्धत आल्यावर मराठीला स्पेलचेक मिळालं याचं मोल मला फार वाटतं. आमच्याकडे मशीन बदलायचं म्हटलं की सगळ्यात आधी शब्दांच्या फाइली काढतो, मग बाकी सगळं. पुस्तकाची फाइल लेखकाकडे असते, छापखान्याकडे असते, ईमेलमध्ये असते. शब्दांची यादी फक्त त्या एका मशीनवर असते, आणि तीही लपवलेल्या फोल्डरात.

त्या फोल्डरचं नाव ॲपडेटा. सी ड्राइव्हवर यूजर्समध्ये तुमच्या नावाच्या फोल्डरात असतं, पण विंडोज ते दाखवत नाही. म्हणून डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स कॉपी करणाऱ्याच्या ते नजरेलाच पडत नाही. वनड्राइव्हचा आपोआप होणारा बॅकअपसुद्धा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असाच असतो, ॲपडेटा त्यात नाही. तिथे जायला विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत दोन टक्केचिन्हांच्या मध्ये ॲपडेटा हा शब्द इंग्रजीत लिहा, एंटर. थेट ‘रोमिंग’ फोल्डर उघडेल.

लिबरऑफिसचे शब्द: रोमिंगमध्ये लिबरऑफिस, त्यात ‘४’, त्यात यूजर, त्यात वर्डबुक. हा चार बघून गोंधळू नका. आवृत्ती कितीही नवी असली तरी फोल्डरचं नाव चारच राहिलंय. वर्डबुकमध्ये ‘स्टँडर्ड डॉट डिक’ दिसेल आणि तुम्ही वेगळा कोश केला असेल तर तोही. शेजारीच ऑटोकॉर नावाचं फोल्डर आहे, ‘मराद्राबा’ त्यात आहे. ऑटोकरेक्टची नोंद मराठी भाषेखाली केली असेल तर एक फाइल, ‘सर्व भाषा’खाली केली असेल तर दुसरी, म्हणून फोल्डर पूर्ण उचला.

वर्डचे शब्द: रोमिंगमध्ये मायक्रोसॉफ्ट, त्यात यूप्रूफ. तिथे ‘कस्टम डॉट डिक’. पण वर्डच्या बाबतीत फोल्डर शोधण्यापेक्षा वर्डलाच विचारावं. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, कस्टम डिक्शनरीज. यादीतल्या प्रत्येक नावावर टिचकी मारली की खाली तिचा पूर्ण पत्ता दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलेलं असेल तर ‘रोमिंगकस्टम’ असंही नाव दिसू शकतं आणि तुमचे अलीकडचे शब्द तिकडे गेलेले असू शकतात. ज्याच्यापुढे ‘डिफॉल्ट’ लिहिलंय, नवे शब्द त्यातच जमा होतात. सगळ्या उघडून बघा, ज्यात शब्द आहेत त्या सगळ्या घ्या. पुढेमागे वर्डमध्ये ऑटोकरेक्ट केलंत तर ते मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस फोल्डरात असतं. मराठीच्या फाइलच्या नावात ११०२ हा आकडा असतो, अमेरिकी इंग्रजीच्या नावात १०३३.

कॉपी करायच्या आधी दोन्ही सॉफ्टवेअर पूर्ण बंद करा. जागेची चिंता नको. पाच हजार मराठी शब्द म्हणजे दीडशे केबीसुद्धा भरणार नाहीत. स्वतःलाच ईमेल करा आणि पेनड्राइव्हवरही ठेवा.

उबुंटूवाले म्हणतात ते अख्खं प्रोफाइल उचलणं चालतं, पण मी करत नाही. बऱ्याच वर्षांच्या प्रोफाइलमध्ये बिघडलेल्या सेटिंगा असतात, अर्धवट एक्स्टेंशनं असतात, तीही नव्या मशीनवर येतात. वर्डबुक आणि ऑटोकॉर एवढंच नेलं की पुरतं. आणि त्या सेफ मोडच्या खिडकीबद्दल कळकळीने सांगतो: आर्काइव्हच्या बटणाजवळच फॅक्टरी सेटिंगवर नेण्याचा पर्याय आहे. त्यात ‘संपूर्ण प्रोफाइल’ निवडलं तर शब्दही जातात. लिबरऑफिस बिघडलं की जो तो ‘प्रोफाइल रीसेट करा’ असंच सांगतो, आणि त्यात शब्द जातील हे सांगायचं राहून जातं.

आता एकच यादी दोन्हीकडे चालेल का? शब्द चालतील, फाइल चालणार नाही. दोन्ही साध्या मजकुराच्याच फाइली आहेत, नोटपॅडमध्ये उघडतात. फरक एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं फाइलीत साठवण्याच्या पद्धतीचा. वर्डला यूटीएफ-१६ एलई लागतं, लिबरऑफिसला यूटीएफ-८. शिवाय लिबरऑफिसच्या फाइलीत वर चार ओळींचा मथळा असतो: फाइलची ओळख, भाषा, प्रकार आणि चौथ्या ओळीत तीन आडव्या रेघा. वर्डच्या फाइलीत मथळा नाही, एका ओळीत एक शब्द, बस. मथळा हाताने लिहू नका. लिबरऑफिसमध्ये नवा कोश बनवा, भाषा मराठी निवडा, त्यात एक शब्द घाला आणि लिबरऑफिस बंद करा. मग ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून रेघांच्या खाली वर्डमधले शब्द चिकटवा आणि सेव्ह करा. उलट दिशेने जाताना मथळा काढा आणि ‘सेव्ह ॲज’मध्ये खालच्या एन्कोडिंगच्या जागी यूटीएफ-१६ एलई निवडा. हल्लीचं नोटपॅड नव्या फाइलला आपणहून यूटीएफ-८ लावतं, तेव्हा ते बघून बदला. चुकूनही एएनएसआय निवडू नका, सगळ्या मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतील आणि ती परत येत नाहीत.

नव्या मशीनवर लिबरऑफिसची फाइल वर्डबुकमध्ये टाकून सुरू करा आणि टूल्स, ऑप्शन्स, भाषेच्या विभागात रायटिंग एड्स इथे त्या कोशापुढे खूण आहे ना ते बघा. फाइल आहे पण खूण नाही, म्हणून शब्द लागू होत नाहीत, असं बऱ्याचदा होतं. वर्डमध्ये कस्टम डिक्शनरीजमध्येच ‘ॲड’ करून फाइल दाखवायची आणि ‘चेंज डिफॉल्ट’ करायचं.

शेवटची गोष्ट तुम्ही मुद्रितशोधक आहात म्हणून सांगतो. यादी ठेवून देण्याआधी एकदा छापून वाचा. उजव्या टिचकीच्या मेनूत ‘इग्नोर’ आणि ‘ॲड’ एकाखाली एक असतात, घाईत हात सरकतो आणि चुकीचा शब्द यादीत जाऊन बसतो. त्या दिवसापासून ती चूक कोणत्याही पुस्तकात लाल होत नाही. मूळ कोशातली उणीव डोळ्यांना दिसते, आपल्या यादीतली चूक दिसतच नाही. औषधांच्या नावांचा भाग तरी डबीवरच्या नावाशी ताडून बघा.

शुद्धिपत्र

टाइपकेस दादा, मनापासून आभार. इतकं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. रात्रीच बसले आणि दोन्हीकडच्या फाइली काढल्या, ईमेलही केल्या. वर्डमध्ये खरंच दोन नावं निघाली आणि दोन्हींत शब्द होते. दुकानदारांनी त्यांच्या पद्धतीने कॉपी केली असती तर यातलं काहीच आलं नसतं.

यादी छापून वाचायला घेतली आहे. वाचताना एक चमत्कारिक प्रकार दिसला. काही शब्द दोनदा आहेत आणि दोन्ही अगदी सारखे दिसतात. ‘खोऱ्यात’ दोनदा, ‘वाऱ्याचा’ दोनदा, ‘पिवळसर’ मात्र एकदाच. ‘ॲसिड’ही दोनदा आहे. सॉफ्टवेअर तोच शब्द दुसऱ्यांदा घेतंच कसं? एक काढून टाकू का?

कळफलक

लगेच काढू नका. कागदावर सारखे दिसले तरी संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत.

‘खोऱ्यात’मधला तो आडवा रफार दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ, मग पाय मोडण्याचं चिन्ह, मग य. इनस्क्रिप्ट या कळफलकावर शिफ्ट-जे, डी. दुसरी, साधा र, पाय मोडण्याचं चिन्ह, मग एक अदृश्य जोडचिन्ह, मग य. युनिकोडने पहिली पद्धत मुख्य मानली आहे आणि दुसरी त्यांच्याच जुन्या २.० आवृत्तीशी जुळावं म्हणून चालू ठेवली आहे. फॉन्ट दोन्ही सारखेच काढतो. ‘ॲसिड’चंही तेच. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, ५.१ आवृत्तीत. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र द्यायचे आणि काही कळफलक अजूनही तसंच देतात. तुमच्याकडे वेगवेगळ्या लेखकांच्या फाइली येतात, कुणी मोबाइलवर टाइप केलेलं, कुणी इनस्क्रिप्टवर, म्हणून दोन्ही रूपं जमा झाली.

कोणतं कोणतं हे ओळखायला लिबरऑफिस रायटरमध्ये किंवा वर्डमध्ये शब्द चिकटवा, संशयित अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवा आणि ऑल्ट-एक्स दाबा. अक्षराच्या जागी त्याचा क्रमांक येतो. ०९३१ आला तर टिंबवाला ऱ, ०९३० आला तर साधा र. अदृश्य जोडचिन्हाचा क्रमांक २००डी, त्यातला डी इंग्रजी.

माझं मत विचाराल तर यादीत एकच रूप ठेवा, ऱ आणि ॲ. लेखकाची फाइल आली की आधी शोधा-बदलाने दुसरं रूप या रूपात आणा आणि मगच स्पेलचेक चालवा. नाहीतर पुढे कुणी त्या पीडीएफमध्ये किंवा मासिकाच्या जुन्या अंकांत ‘कृष्णा खोऱ्यात’ शोधलं तर अर्धे लेख सापडणारच नाहीत. पण हे काम हातातल्या बॅकअपची एक प्रत जशीच्या तशी बाजूला ठेवून करा.

टाइपकेस

कळफलक यांच्याशी सहमत. यादी साफ करायला बसलाच आहात तर आणखी दोन सोयी सांगतो, दोन्ही लिबरऑफिसच्या.

पहिली तुमच्या ‘ओलांड्यावरच्या’साठी. ६.० आवृत्तीपासून कोश संपादित करताना शब्दाशेजारी ‘ग्रामर बाय’ अशी एक चौकट दिसते. तिथे त्याच धाटणीने चालणारा, मूळ कोशात असलेला शब्द द्यायचा, समजा ‘कांदा’. मग कांद्याला, कांद्यावर यांच्यासारखी ओलांड्याचीही रूपं धरली जातात. कोशाची भाषा मराठी ठरवलेली हवी, ‘सर्व भाषा’ असेल तर ही चौकट कामाची नाही. आणि तुम्ही बसवलेल्या मराठी कोशात ‘कांदा’चे प्रत्यय नियमाने बांधलेले असतील तरच फायदा. प्रत्येक रूप सुटं कोंबलेलं असेल तर काही फरक पडणार नाही. दोन-चार शब्दांवर करून बघा, जमलं नाही तर आहे ती पद्धत उत्तम. अशा नोंदी फाइलीत दोन बरोबर-चिन्हांनी जोडलेल्या दिसतात, त्या वर्डच्या यादीत नेऊ नका.

दुसरी सोय तुमच्या कामाला जास्त उपयोगी. नवा कोश करताना ‘एक्सेप्शन’वर खूण केली तर तो उलटा कोश होतो. म्हणजे त्यातले शब्द शुद्ध असले तरी लाल होतात आणि पर्यायी शब्द सुचवला जातो. ‘मनी’ हा शब्द मराठीत शुद्धच आहे, म्हणून स्पेलचेक सोडून देतं. पण द्राक्षाच्या लेखात ‘मनी फुगवण’ ही चूकच, ‘मणी’ हवं. ‘मनी’ उलट्या कोशात घाला, पर्याय ‘मणी’. दुसऱ्या विषयाचं काम असेल तेव्हा त्या कोशापुढची खूण काढून ठेवायची. याची फाइलही वर्डबुकमध्येच असते. वर्डमध्ये याला समांतर फाइल यूप्रूफमध्ये असते, नावात ‘एक्सक्लूड’ आणि भाषेचा संकेत. तिथे पर्याय सुचवता येत नाही, फक्त लाल करता येतं.

शुद्धिपत्र

‘मनी’चं ऐकून फार बरं वाटलं, ती चूक दर अंकात मी डोळ्यांनी शोधते.

एक शंका उरली. भाच्याने सुचवलं की वर्डबुक फोल्डर गूगल ड्राइव्हला जोडून टाक, आपोआप बॅकअप होत राहील. करू का? आणि दुकानात जुनी डिस्क बदलीत घेतो, तेवढे पैसे कमी करतो म्हणतात.

टाइपकेस

भाच्याची कल्पना सोयीची आहे, पण त्यात एक धोका आहे. कधी प्रोफाइल बिघडलं तर लिबरऑफिस गुपचूप नवं, रिकामं ‘स्टँडर्ड डॉट डिक’ तयार करतं. आपोआप जुळवणारी सेवा ती रिकामी फाइल इमानाने भरलेल्या फाइलीवर चढवते. जुन्या आवृत्त्या ड्राइव्हवर काही काळ मिळतात खऱ्या, पण यादी रिकामी झाल्याचं तोवर लक्षात यायला हवं. दोन मशीनवर एकच फोल्डर जोडलं तर शेवटी बंद होणारं सॉफ्टवेअर दुसऱ्याचे नवे शब्द पुसतं, ते वेगळंच. त्यापेक्षा मासिकाचा अंक छपाईला गेला की वर्डबुक, ऑटोकॉर आणि यूप्रूफ यांची प्रत तारखेच्या नावाच्या फोल्डरात ड्राइव्हवर टाका. आधीच्या प्रती पुसू नका. नवी फाइल आधीच्यापेक्षा लहान दिसली तर काहीतरी बिघडलंय असं समजा आणि कारण सापडेपर्यंत काही बदलू नका.

जुनी डिस्क देऊ नका. यूएसबीचं केसिंग मिळतं, त्यात घालून ती बाहेरून जोडता येते. यूजर्समधलं तुमच्या नावाचं फोल्डर उघडताना विंडोज परवानगी मागेल, ‘कंटिन्यू’ म्हणा, आणि व्ह्यू मेनूतून लपलेली फोल्डरं दाखवायला सांगा. वर्डचं जुनं ऑटोकरेक्ट, ब्राउझरमध्ये घातलेले शब्द, असं काही ना काही महिन्याभराने आठवतंच. फायरफॉक्स वापरत असाल तर त्याचेही शब्द त्याच्या प्रोफाइलमध्ये ‘पर्सडिक्ट’ नावाच्या फाइलीत असतात, तीही साधा मजकूरच आहे. शनिवारी दुकानात जाण्याआधी ईमेल केलेल्या फाइली मोबाइलवर उतरवून एकदा उघडून बघा, शब्द दिसतायत ना.

शुद्धिपत्र

बघितलं. दोन्ही फाइली उघडल्या, शब्द दिसतायत. डिस्क परत द्या असं दुकानदारांना आत्ताच फोन करून सांगितलं.